थंड पाण्याच्या नळांचे दुखणे

चैत्र संपत आला, ऊन तापू लागले, म्हणजे बऱ्हाणपूर जिल्ह्यातील दापोरा गावी कुंभाराकडून नवे माठ घरोघरी येऊ लागतात. गेल्या सालचा माठ फुटलेला असतोच असे नाही. त्याला तडा गेलेला नसतो, तो गळतही नसतो. किंबहुना तो आता मुळीच पाझरत नाही, हाच त्याचा दोष. घरातील वडीलधारी बाई त्याच्या पोटावरून हात फिरविते, बोटांना लागलेली पांढरट भुकटी पाहते आणि म्हणते, ‘‘हा आता पाणी गार करायचा नाही.’’ मग तो माठ कोपऱ्यात जाऊन डाळी-दाणे सांभाळण्याच्या कामाला लागतो.

त्या बाईने पदार्थविज्ञान शिकलेले नसते, पण तिचे निदान अचूक असते. माठातील पाणी त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर येते, वाऱ्याला लागून उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. मात्र उडून जाते ते केवळ पाणी. त्या पाण्यात विरघळलेला चुना आणि इतर क्षार मागेच राहतात. तापीच्या खोऱ्यातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा कठीण असते. ते दिवसेंदिवस पाझरत राहिले की छिद्रांची तोंडे क्षारांनी बुजतात. पाझर थांबतो, आणि पाझराबरोबर गारवाही.

आजच्या भाषणाचा विषय मात्र माठ नव्हे, तर शहरांतील मोठमोठ्या वातानुकूलित इमारतींतून खेळणारे थंड पाण्याचे नळ हा आहे. पण इस्पितळे, कचेऱ्या, नाट्यगृहे आणि विमानतळ यांना थंड ठेवणाऱ्या यंत्रणेच्या माथ्यावर एक प्रचंड माठच बसविलेला असतो, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या नळांचे दुखणे उमगणार नाही.

यंत्राने हवा थंड आणि कोरडी करण्याची आधुनिक विद्या माणसाच्या सुखासाठी जन्माला आली नाही, ती कागदासाठी आली. १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत असे, आकसत असे, आणि एकावर एक छापावयाचे रंग जागच्या जागी बसत नसत. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने त्यावर जी योजना केली, तिच्यातून आजचे वातानुकूलन वाढले. नेपानगरचा कागद कारखाना ज्यांच्या जिल्ह्यात उभा आहे, त्या बऱ्हाणपूरकरांना ही हकिकत विशेष गमतीची वाटावी. पुढे ही विद्या चित्रपटगृहांनी उचलली. मुंबईत कुलाब्याचे रीगल हे १९३३ साली उघडलेले चित्रपटगृह आपल्या देशातील आरंभीच्या वातानुकूलित चित्रपटगृहांपैकी एक होय.

मोठ्या इमारतीच्या तळघरात जे शीतयंत्र असते, त्याला दोन वेगवेगळी पाणी लागतात. एक पाणी यंत्रात सुमारे ७ अंशांपर्यंत थंड होते, नळांवाटे मजल्यामजल्यावर जाते, खोल्यांतील उष्णता घेऊन सुमारे १२ अंशांवर परत येते आणि पुन्हा थंड होते. हे पाणी बंद वाटेने फिरते. वर्षानुवर्षे तेच ते. दुसरे पाणी यंत्राने खोल्यांतून काढलेली उष्णता घेऊन गच्चीवरील शीतन मनोऱ्यात चढते, तेथे जाळ्यांवरून थेंबाथेंबाने खाली पडते आणि पंख्याच्या वाऱ्याला थोडेसे उडून जाऊन उरलेले निवते. पाणी पाच-सहा अंशांनी निववावयाचे तर शंभर लिटरमागे एक लिटरच्या आसपास उडून जावे लागते. हाच तो माठ. भुसावळजवळच्या दीपनगर येथील वीज केंद्राचे शीतन मनोरे त्याचेच थोरले भाऊ होत.

आता थोडे अंकगणित करू. शंभर टन क्षमतेच्या शीतयंत्राच्या मनोऱ्यातून तासाला सहाशे-सातशे लिटर पाणी उडून जाते. दिवसाचे दहा तास यंत्र चालले, तर सहा-सात हजार लिटर. या पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर एका दिवसात सुमारे दोन किलो क्षार मागे राहतात. शंभर टनांचे यंत्र हे काही फार मोठे यंत्र नव्हे, आणि त्यातूनही महिन्याला पोतेभर क्षार! ते कोठे जातात? मनोऱ्यातील दाट झालेले पाणी वेळोवेळी गटारात सोडून नवे घेतले, तर ते क्षार त्याबरोबर वाहून जातात. पाणी महाग म्हणून ते सोडण्याचे टाळले, तर चुना यंत्राच्या तांब्याच्या नळ्यांना आतून चिकटतो, आणि तोही नेमका जेथे पाणी सर्वांत उष्ण असते तेथे. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते. चुन्याची रीत उलटी, पाणी तापले की तो खाली बसतो. तांब्याच्या मानाने चुन्यातून उष्णता शेकडो पटींनी मंद वाहते. नळीला आतून पातळसा थर बसला तरी यंत्राला तेवढ्याच गारव्यासाठी अधिक वीज खावी लागते. काटकसर पाण्याची झाली, पण ती विजेच्या देयकात वसूल होते.

चुना वाहत्या पाण्याची वाट कशी अडवितो, हे पाहण्यासाठी दापोऱ्याच्या माणसाला मुंबई गाठावयास नको. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा त्याच्या घराजवळच आहे. जहांगीरच्या काळात, अब्दुर्रहीम खानखानान बऱ्हाणपूरचा सुभेदार असताना, १६१५ साली इराणी भूजलतज्ज्ञ तबकुतुल अर्ज याने ही जलव्यवस्था उभारली, असा इतिहास सांगतात. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरून तापीकडे निघालेले पाणी भूमीच्या पोटात अडवावयाचे, बोगद्यातून केवळ उताराच्या बळावर शहराकडे न्यावयाचे आणि वर ठिकठिकाणी विहिरीसारख्या कुंड्या ठेवावयाच्या, अशी ती योजना. एकमेकींशी जोडलेल्या अशा कुंड्या शंभराहून अधिक आहेत. तेथे ना पंप, ना लोखंड. चारशे वर्षे झाली तरी पाणी वाहतेच आहे, आणि २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या व्यवस्थेचे नाव गेले. पण बोगद्याच्या भिंती पाहाव्यात. त्यांवर चुन्याचे पांढरे थर चढले आहेत आणि वाट अरुंद झाली आहे. खानखानानच्या वेळच्या कारागिरांनी गंजाला वावच ठेवला नव्हता. चुन्याला मात्र त्यांनाही चुकविता आले नाही.

चुन्याचे दुखणे निदान डोळ्यांना दिसते. गच्चीवर चढून मनोऱ्याच्या जाळ्या पाहिल्या की पांढरे खवले लक्षात येतात. दुसरे दुखणे मात्र बंद वाटेच्या पाण्यात, भिंतीआड आणि छताआड असते. ते आहे लोखंडाचा गंज. अनेक इमारतींचे मालक आणि पुष्कळसे व्यवस्थापकही येथेच फसतात. पाण्याने लोखंड गंजते, अशी आपली पक्की समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. साध्या गंजाला पाणी हवे, तसाच पाण्यात विरघळलेला प्राणवायूही हवा. दोहोंपैकी एक नसेल तर गंजाचे काम जवळजवळ थांबते. लोखंडी नळ पाण्याने पूर्ण भरला, बंद केला आणि त्या पाण्यातील प्राणवायू एकदा खर्च झाला, म्हणजे ते पाणी निपचित होते. अशा नळातील पाणी काढून पाहिले तर ते काळपट दिसते, त्याला वासही येतो. नवखा माणूस नाक मुरडतो आणि ‘‘हे घाण पाणी काढून टाका, ताजे भरा,’’ असा हुकूम देतो. त्या हुकमाने तो नळाच्या शत्रूलाच घरात घेतो.

ताज्या पाण्याच्या एका लिटरात आपल्याकडील उष्णतामानाला सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. म्हणजे हजार लिटरांत ८ ग्रॅम. हा प्राणवायू सुमारे १८ ते २० ग्रॅम लोखंडाचा गंज करतो. पन्नास हजार लिटर पाणी मावणारी नळांची व्यवस्था एकदाच भरली, तर सगळा मिळून सुमारे एक किलो लोखंडाचा नाश होईल. कित्येक टन लोखंडात तो पसरला तर कोणाच्या लक्षातही यायचा नाही. पण कोठे तरी एक झडप झिरपते आहे, एका पंपाचे वेष्टन गळते आहे, आणि रोज पाचशे लिटर नवे पाणी आत घ्यावे लागते आहे, असे समजा. मग वर्षाकाठी जवळजवळ पावणेदोन लाख लिटर ताजे पाणी आत आले, आणि त्याने साडेतीन किलोच्या आसपास लोखंड खाल्ले. पुढल्या वर्षी पुन्हा तेवढेच, त्यापुढल्या वर्षी पुन्हा. शिवाय ते सारखे खाल्ले जात नाही. येथे एक खळगा, तेथे एक खळगा. नळाला भोक पडावयास किलोभर लोखंड जावे लागत नाही, चिमूटभर पुरते.

आणि हे घडत असते ते अगदी सोयीच्या नावाखाली. पाणी कमी झाले की आपोआप उघडणारी आणि भरले की आपोआप मिटणारी तोटी आता सर्वत्र बसवितात. तिच्यामुळे गळती कोणाला जाणवतच नाही. दाबमापकाचा काटा जागच्या जागी, पंखे चालू, खोल्या थंड. आणि आत मात्र रोज नवा प्राणवायू.

दापोऱ्यासारख्या गावचा एखादा तरुण शीतयंत्रांच्या कामाचे प्रशिक्षण घेऊन मुंबईच्या एखाद्या इस्पितळात यंत्रखोलीवर नोकरीला लागला, असे कल्पनेत आणू. पहिल्याच दिवशी तेथील म्हातारा मिस्त्री त्याला मोठी यंत्रे दाखवीत नाही; भिंतीच्या कोपऱ्यातील एका लहानशा मीटरपाशी नेतो.

‘‘हा आकडा रोज सकाळी वहीत लिहीत जा.’’

‘‘मिस्त्रीकाका, हा तर साधा पाण्याचा मीटर आहे. यावर काय कळणार?’’

‘‘अरे बाबा, तुझ्या गावी घरात गाय असेल ना? गाय रोजच्यापेक्षा जास्त पाणी प्यायली तर तुझी आई काय करते?’’

‘‘गायीकडे बघते.’’

‘‘मग झालं तर! इथंही तेच करायचं.’’

बंद वाटेत नव्याने शिरणाऱ्या पाण्यावर असा मीटर बसविण्याचा खर्च यंत्रणेच्या एकूण खर्चाच्या मानाने नगण्य असतो. तरीही तो पुष्कळ ठिकाणी नसतो. असला तर त्याची नोंद नसते. नोंद असली तर ती कोणी वाचीत नाही. शस्त्रक्रियेच्या दालनाला गारवा पोहोचविणारा नळ फुटेपर्यंत वही कपाटात पडून राहते. मग छत उचकटा, भिंत फोडा आणि रुग्णांना दुसरीकडे हलवा. ज्या गळतीला एका रबरी चकतीने बंद केले असते, तिच्यापायी मजलाभर नळ बदलण्याची पाळी येते.

गंज एकाच ठिकाणी खोल का जातो, याचे उत्तर केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात प्रयोगांनी दाखवून दिले. लोखंडाच्या एकाच पत्र्याच्या एका भागाला प्राणवायू अधिक आणि दुसऱ्याला कमी मिळाला, तर त्या दोहोंत विजेचा प्रवाह सुरू होतो, आणि झिजतो तो कमी प्राणवायूचा भाग. ऐकणाऱ्याला हे विपरीत वाटते, पण आहे तसेच. नळाच्या तळाशी वाळू, वेल्डिंगची कीट किंवा जुन्या गंजाचा गाळ बसला की त्याखालची जागा प्राणवायूवाचून राहते आणि तेथेच लोखंड पोखरले जाते. अशा आडोशाला काही जिवाणूही वस्ती करतात. त्यांना प्राणवायू नकोसाच असतो; पाण्यातील सल्फेटावर ते जगतात आणि लोखंडाच्या झिजेला हातभार लावतात. बंद पडलेल्या, प्राणवायू संपलेल्या पाण्यालाही अगदीच निर्धास्त सोडून चालत नाही, ते या जिवाणूंमुळे. म्हणून पाण्याचा वेग पुरेसा ठेवणे आणि गाळ गाळून काढणे याला औषधाइतकेच महत्त्व आहे.

खरे सांगावयाचे तर पुष्कळ नळांचे भवितव्य इमारतीचे उद्घाटन होण्यापूर्वीच ठरून जाते. नळ जोडून झाले की ते दाब सोसतात की नाही हे पाहण्यासाठी त्यांत पाणी भरतात. परीक्षा उतरली की पाणी सोडून देतात. पण ते सगळे कधीच निघत नाही. वळणांत, खोलगट जागांत ते उरते. आणि मग इमारतीचे उरलेले काम सहा महिने, वर्षभर रेंगाळते. ओला नळ, आत मोकळी हवा आणि बाहेर कोकणचा पावसाळा! पूर्ण भरलेला नळ आणि पूर्ण कोरडा नळ हे दोन्ही सुरक्षित; अर्धवट ओला नळ सर्वांत वाईट. फीत कापावयास पाहुणे येतात तेव्हा नळांत लाल चिखल जमलेला असतो, आणि तो स्वच्छ धुऊन काढण्यास कंत्राटदाराला मुदत उरलेली नसते.

धातूंच्या सोयरिकीचाही प्रश्न आहेच. मुख्य नळ लोखंडाचे, खोल्यांतील वेटोळी तांब्याची, झडपा पितळेच्या. तांबे आणि लोखंड पाण्यात एकत्र आले की तांबे सुरक्षित राहते आणि लोखंड झिजते. हंफ्री डेव्ही यांनी १८२४ साली याच नियमाचा उलट उपयोग केला होता. जहाजांच्या बुडाला ठोकलेला तांब्याचा पत्रा वाचविण्यासाठी त्यांनी त्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. ते झिजले आणि तांबे राहिले. इमारतीत मात्र असा बळी कोणी ठरवून देत नाही. लोखंडी नळाचा तांब्याजवळील तुकडा आपसूकच बळी जातो. दोहोंमध्ये वीज न वाहू देणारा जोड घालणे हा त्यावरील साधा इलाज.

मुंबई-रत्नागिरीकडे आणखी एक पीडा असते, ती बाहेरून. सात अंशांचे पाणी वाहणाऱ्या नळाला दमट हवा लागली की त्यावर दव धरते, जसे गार पाण्याच्या तांब्याला धरते. म्हणून नळांवर जाड वेष्टन चढवितात. त्या वेष्टनाला कोठे चीर पडली की बाफ आत शिरते, आतच तिचे पाणी होते आणि वेष्टन ओल्या घोंगडीसारखे नळाला बिलगून राहते. आतील पाण्याची कितीही निगा राखली तरी तो नळ बाहेरून सडतो. कोरड्या हवेच्या बऱ्हाणपुरात वाढलेल्या कामगाराला ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, कारण त्याने घाम फुटलेला नळ पावसाळ्यावाचून क्वचितच पाहिलेला असतो.

हे सारे केवळ पैशाच्या नुकसानीचे असते तर ज्याचे त्याने पाहून घेतले असते. पण १९७६ च्या जुलैत अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी बेलव्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांचे संमेलन भरले असता एक अनोळखी न्यूमोनिया उद्भवला. दोनशेच्या आसपास माणसे आजारी पडली आणि सुमारे तीस दगावली. पुढल्या जानेवारीत त्याचा जिवाणू हाती लागला; त्याला लेजिओनेला असे नाव मिळाले. हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेवर संशय गेला. हा जिवाणू कोमट पाण्यात वाढतो, आणि चुन्याचे खवले, गंज व शेवाळी बुळबुळ हे त्याचे आवडते आश्रयस्थान. शीतन मनोऱ्यातून उडालेल्या बारीक तुषारांबरोबर तो माणसाच्या फुप्फुसात पोहोचतो. तेव्हापासून अनेक देशांत मनोऱ्याची स्वच्छता हा सार्वजनिक आरोग्याचा विषय झाला आहे. गच्चीवर कोण चढून पाहतो, असे म्हणण्याची सोय राहिली नाही.

औषधे आहेत. बंद वाटेच्या पाण्यात नायट्राइट किंवा मॉलिब्डेट घालून लोखंडावर संरक्षक पापुद्रा धरविता येतो. पूर्वी मनोऱ्यांच्या पाण्यात क्रोमेट घालीत. ते गंजावर फार गुणकारी, पण माणसाला विषारी. अमेरिकेत १९९० साली वातानुकूलनाच्या मनोऱ्यांतून त्याला कायद्याने हद्दपार करण्यात आले. गळती चालू असताना औषध ओतीत राहणे म्हणजे मात्र फुटक्या रांजणात पाणी भरणे होय. नव्या पाण्याने औषध पातळ होते आणि प्राणवायू तेवढा वाढतो. औषधाचा हिशेब ठेवणाऱ्याने आधी मीटरचा आकडा मागावा.

ज्यांना हे सगळे दूरच्या शहराचे प्रकरण वाटेल, त्यांनी दापोऱ्याच्या परिसरातील केळीच्या बागेत एक फेरी मारावी. तेथे ठिबक सिंचनाच्या नळ्या अंथरलेल्या असतात. त्या प्लास्टिकच्या, म्हणून गंजाची धास्ती नाही. परंतु माठ बुजविणारा आणि कुंडी भंडाऱ्याची वाट अरुंद करणारा तोच चुना त्यांच्या बारीक छिद्रांत बसतो. केळीची एक ओळ हिरवीगार आणि शेजारची मलूल दिसू लागली की जाणता शेतकरी ओळखतो. तो ठरावीक मापाने आम्ल पाण्यात मिसळतो. आम्ल पाण्यात ओतावयाचे, पाणी आम्लात नव्हे, हे तो सोबतच्या पोराला दर वेळी बजावून सांगतो. ते पाणी नळ्यांत सोडून काही काळ तसेच राहू देतो. मग शेताच्या टोकाला जाऊन एकेका नळीचे बूच काढतो. आधी पांढुरके, गढूळ पाणी येते, खवले येतात. पोरगा वाकून पाहत राहतो. पाणी निवळ येऊ लागले की तो हाक मारतो, आणि शेतकरी पुढल्या नळीकडे वळतो.